आकड्यांतील शांतता

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की दोन प्रकारच्या बातम्या छापून येतात. सत्तेवर असलेले म्हणतात, गुन्हे घटले. विरोधात असलेले म्हणतात, गुन्हे वाढले. दोघेही त्याच अहवालातील कोष्टके दाखवतात आणि दोघांचेही आकडे बहुधा खरे असतात. वाचणारा सामान्य नागरिक मात्र गोंधळतो. मुलुंडच्या ज्या गल्लीत गेल्या महिन्यात देवळातून परतणाऱ्या आजींचे मंगळसूत्र भरदिवसा खेचून नेले, त्या गल्लीला ‘गुन्हेगारीत घट’ हे शब्द पटत नाहीत. उलट, रात्री दहानंतर क्लासहून एकटी परतणारी बोरिवलीची विद्यार्थिनी पाहिली की ‘मुंबई असुरक्षित झाली’ ही आरोळीही अतिरंजित वाटते. मग खरे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अहवालातील आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो. तो नोंदवल्या गेलेल्या गुन्ह्यांचा असतो. या दोहोंमधील अंतर जोवर मोजले जात नाही, तोवर सुरक्षिततेविषयीची सारी चर्चा वाळूवर उभी आहे.

देशभरातील गुन्ह्यांचे संकलन नवे नाही. ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालाचा पहिला अंक १९५३ सालचा. पुढे १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि हे काम त्याच्याकडे आले. सात दशकांची अखंड आकडेवारी ही कोणत्याही राष्ट्राला अभिमान वाटावा अशी ठेव आहे. तिचा उपयोग मात्र जपून करावा लागतो. १९५३ साली देशात खुनाचे ९,८०२ गुन्हे नोंदले गेले. २०२२ साली २८,५२२. केवळ संख्या पाहणारा म्हणेल, खून तिपटीने वाढले. पण त्या काळात लोकसंख्या साधारण ३७ कोटींवरून १३८ कोटींच्या घरात गेली. दर लाख लोकांमागे हिशेब केला तर १९५३ मध्ये सुमारे अडीच आणि २०२२ मध्ये सुमारे दोन, असे चित्र दिसते. मधल्या काळात, १९९२ साली, खुनांची नोंद ४० हजारांवर गेली होती आणि दर लाखामागे साडेचारच्या वर पोहोचला होता. त्या शिखरापासून आजवर दर निम्म्याहून खाली आला आहे. गेल्या तीन दशकांत भारतात माणूस मारला जाण्याची शक्यता कमी झाली, हे विधान या आकड्यांच्या आधारे बऱ्याच विश्वासाने करता येते. ही समाधानाची बाब आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

खुनाच्या बाबतीत असा विश्वास ठेवता येतो, याचे कारण सरळ आहे. मृतदेह लपवणे कठीण असते. चोरीची तक्रार परत पाठवता येते, विनयभंगाची तक्रार समजुतीने मिटवता येते; प्रेत मात्र कोणाच्या सांगण्यावरून उठून घरी जात नाही. म्हणून जगभरचे अभ्यासक हिंसेचा दीर्घकालीन कल पाहताना आधी खुनाचा दर पाहतात. तरीही हा आकडा पूर्णपणे निर्मळ नाही. रेल्वेमार्गालगत किंवा खाडीकाठी सापडलेला बेवारस मृतदेह प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदला जातो; तपासानंतर त्याचा खून झाल्याचे सिद्ध झाले तरच तो खुनाच्या रकान्यात जातो. एखादा मृत्यू ‘खून’ ठरतो की ‘सदोष मनुष्यवध’, हे लावलेल्या कलमावर ठरते. सासरी जळून मेलेल्या नवविवाहितेसाठी १९८६ पासून ‘हुंडाबळी’ हे स्वतंत्र कलम आले आणि तिचा मृत्यू वेगळ्या रकान्यात मोजला जाऊ लागला. शिवाय वैद्यकाचा वाटा आहेच. पूर्वी ज्या वारांनी माणूस रस्त्यातच दगावला असता, तो आज रुग्णवाहिकेतून घाटकोपरच्या राजावाडी किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात वेळेत पोहोचला तर वाचतो. हल्लेखोराचा हेतू तोच, वारही तेच. पण नोंद होते ती खुनाच्या प्रयत्नाची. खुनाचा दर घटण्यात कायद्याइतकेच शल्यचिकित्सकाचेही श्रेय असू शकते.

खुनापलीकडच्या हिंसक गुन्ह्यांकडे वळले की भूमी अधिकच निसरडी होते. २०१२ साली देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले. २०१३ साली ३३,७०७. एका वर्षात सुमारे ३५ टक्के वाढ! त्याच वर्षी खुनाची नोंद ३४,४३४ वरून ३३,२०१ वर उतरली. एका वर्षात देशातील पुरुष इतके हिंस्र झाले काय? तसे नव्हे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर समाज जागा झाला, स्त्रिया पुढे येऊ लागल्या, २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने व्याख्या व्यापक केली आणि तक्रार न नोंदवणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरला. बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदाही नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आला होता. वाढलेला आकडा मुख्यतः मौन सुटल्याचा होता. त्या वर्षीचा आलेख पाहून ‘स्त्री अधिक असुरक्षित झाली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दिवा लावल्यावर खोलीतला कचरा दिसला म्हणून दिव्याला दोष देणे.

अपहरणाचे तसेच. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता बालकांच्या प्रत्येक तक्रारीची अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून नोंद करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून घरातून रागावून निघून गेलेला शाळकरी मुलगा आणि प्रियकरासोबत निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघेही कागदोपत्री ‘अपहृत’ ठरतात. त्यांतील अनेक जण काही दिवसांत घरी परततात. आकडा मात्र परतत नाही. या आदेशाचा हेतू योग्यच आहे, कारण पहिले काही तास वाया गेले तर तस्करीत सापडलेले मूल कायमचे हरवते. पण २०१२ च्या आणि त्यानंतरच्या अपहरणांची थेट तुलना करणारा स्वतःची फसवणूक करतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्राथमिकी नोंदवणे बंधनकारक केले. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, हिसकावून नेण्याचा गुन्हा स्वतंत्र कलमाखाली आला. मंगळसूत्र खेचण्याचा जो प्रकार आधी कुठे चोरी, कुठे जबरी चोरी म्हणून नोंदला जात असे, त्याला आता स्वतःचे नाव मिळाले आहे. नियम बदलला की मोजपट्टी बदलते. मोजपट्टी बदलली की जुन्या मापाशी नवे माप लावताना थांबून विचार करावा लागतो.

मोजपट्टीबरोबर जमीनही बदलते, आणि याचे उदाहरण मुंबईच्या उपनगरांइतके स्पष्ट क्वचितच सापडेल. ‘क्राइम इन इंडिया’चा पहिला अंक ज्या १९५३ सालचा आहे, त्या वर्षी बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंतच होती. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये महानगरात आले होते. बोरिवली आणि मुलुंड यायला १९५७ साल उजाडले. म्हणजे तेव्हाची ‘मुंबई’ आणि आजची ‘मुंबई’ हे एकच शहर नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाला. पोलीस आयुक्तालय मात्र शहर आणि उपनगर मिळून एकच राहिले. परिणाम असा की २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक वस्तीचा हा जिल्हा गुन्हे अहवालात स्वतःच्या नावाने दिसतच नाही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांवर घसरली आणि उपनगराची ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेली. माणसे कुलाबा-गिरगावातून उठून अंधेरी-बोरिवलीला गेली. हिशेब मात्र एकाच गाठोड्यात बांधला गेला. दहिसर ओलांडले की तर ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार हे नवे आयुक्तालय झाले. ठाणे ग्रामीणचा २०१९ चा आकडा २०२१ च्या आकड्याशेजारी ठेवून ‘घट’ दाखवणे हा निव्वळ हद्दीचा खेळ होईल.

त्याहून गंभीर गोष्ट भागाकाराची आहे. राष्ट्रीय अहवालाच्या महानगर कोष्टकात २०२० साली मुंबईत खुनाचे १४८ गुन्हे दाखवले आहेत आणि दर लाखामागे ०.८ असा. हा दर काढताना मुंबईची लोकसंख्या १८४ लाख धरली आहे. ही लोकसंख्या ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून होणाऱ्या संपूर्ण नागरी समूहाची, तीही २०११ ची. मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत त्या जनगणनेत राहत होते सुमारे १२४ लाख लोक. त्यांनी भागले तर दर १.२ च्या जवळ जातो. वर गुन्हे एका हद्दीचे आणि खाली माणसे दुसऱ्या हद्दीची, असा हा अपूर्णांक. १.२ हा दरही देशाच्या त्या वर्षीच्या २.२ या दरापेक्षा पुष्कळ कमी आहे. मुंबईची तुलनात्मक सुरक्षितता त्याने खोटी ठरत नाही. पण जे शहर खऱ्या हिशेबानेही चांगले ठरते, त्याला चुकीच्या हिशेबाची गरज काय? २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने देशभरचे दर अंदाजित लोकसंख्येवर आणि महानगरांचे दर जुन्या लोकसंख्येवर काढावे लागले, ही अडचण वेगळीच. छेद कच्चा असेल तर भागाकार पक्का कसा येणार?

उपनगरी माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या लोकलमध्ये जातो, तेथील गुन्ह्यांची वही आणखी निराळी आहे. अंधेरी स्थानकाबाहेर खिशावर हात पडला तर गुन्हा मुंबई पोलिसांचा. फलाटावर किंवा डब्यात पडला तर लोहमार्ग पोलिसांचा. घाटकोपरहून मुलुंडला जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने भीती एकच असते. नोंद दोन खात्यांत विभागली जाते, आणि शहराच्या सुरक्षिततेचे चित्र मांडताना दुसरे खाते बहुधा विसरले जाते. मोजणीची आणखी एक रीत सामान्य वाचकाला ठाऊक नसते. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले तर मुख्य कोष्टकात केवळ सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. दरोडा घालताना खून झाला तर नोंद एका खुनाची. दरोडा आकड्यातून नाहीसा होतो. तसेच एका घटनेत कितीही माणसे मेली तरी गुन्हा एकच. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात झालेला स्फोट असो की ११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत सात गाड्यांत झालेले स्फोट असोत, गुन्ह्यांच्या रकान्यात त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी. बळींचा रकाना वेगळा असतो, पण मथळे पहिल्या रकान्यावरून तयार होतात. ज्या घरांतून त्या सायंकाळी माणसे परतलीच नाहीत, त्या घरांचे दुःख सरासरीच्या रेषेत कुठेच दिसत नाही.

कोष्टकांच्या या त्रुटी अभ्यासकांना दुरुस्त करता येतील. खरी समस्या त्यांच्याही आधी, पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी सुरू होते. मोबाईल हिसकावला गेला तरी तक्रार ‘हरवला’ म्हणून घेतली जाते. मारहाणीत हाड मोडले तरी अदखलपात्र नोंद करून पावती हातात दिली जाते. ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य तर कित्येकांनी ऐकलेले असते. यामागे केवळ आळस नाही. ज्या अधिकाऱ्याच्या ठाण्यात गुन्हे वाढले त्याला वरिष्ठ जाब विचारतात, विधिमंडळात मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, वर्तमानपत्रे मथळे सजवतात. आकडा खाली आणण्याचे दोन मार्ग आहेत : गुन्हा रोखणे किंवा नोंद रोखणे. पहिला मार्ग कष्टाचा, दुसरा लेखणीचा. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात दिलेल्या अहवालांत गुन्हे न नोंदवण्याच्या या रोगाचे निदान केले होते आणि केवळ आकड्यांवरून पोलिसांचे मूल्यमापन करू नये असे बजावले होते. त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली! सर्व पक्षांना सत्ता मिळाली. रोग मात्र तसाच आहे, कारण घटलेला आकडा प्रत्येक सत्ताधाऱ्याला प्रिय असतो.

भय हाही नोंदीचा शत्रू असतो. १९९० च्या दशकातील मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात भरदिवसा चाललेल्या चकमकीने टोळ्या मध्यमवर्गीय वस्तीत किती सहज वावरत होत्या हे दाखवले. जानेवारी १९९७ मध्ये पवईत कामगार नेते दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये अंधेरीत देवदर्शन घेऊन निघालेले गुलशनकुमार गोळ्यांना बळी पडले. त्या काळात कित्येक बिल्डर, हॉटेलचालक आणि व्यापारी दूरध्वनी आला की गुपचूप खंडणी पोहोचवत. खून लपत नव्हते, म्हणून ते आकड्यांत आले; खंडणी लपत होती, म्हणून ती आली नाही. पुढे १९९९ मध्ये मोक्का कायदा आला, टोळ्यांचा कणा मोडू लागला, तसा व्यापाऱ्याला ठाण्याची पायरी चढण्याचा धीर येऊ लागला. भय सर्वाधिक असते तेव्हा तक्रारी सर्वांत कमी असू शकतात आणि भय ओसरू लागते तेव्हा तक्रारी वाढतात, हा तो विरोधाभास. स्मशानातही शांतता असते. तिला सुव्यवस्था म्हणत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच आपल्या अहवालात सावध करतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे वाक्य राजकीय पक्षांच्या प्रवक्त्यांनी आणि वृत्तवाहिन्यांनी एकदा शांतपणे वाचावे.

यावर उपाय नाही असे नाही. इतर देशांनी तो कधीच शोधला आहे. अमेरिकेत १९३० पासून पोलिसांचे आकडे गोळा होतात, पण तेवढ्यावर न थांबता १९७० च्या दशकापासून दरवर्षी हजारो घरी जाऊन ‘तुमच्याबाबत या काळात कोणता गुन्हा घडला? तुम्ही पोलिसांना कळवले का?’ असे विचारले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून असे सर्वेक्षण होते. २०१४ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीची ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ ही मान्यताच काढून घेतली. घरोघरचे सर्वेक्षण अधिक विश्वासार्ह ठरले. स्वतःच्या पोलिसांचा आकडा अपुरा आहे हे जाहीरपणे सांगण्याने त्या देशाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. मुंबईलाही हा प्रकार अपरिचित नाही. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय गुन्हेपीडित सर्वेक्षणात मुंबईचा समावेश होता. पुढे आयडीएफसी इन्स्टिट्यूटने मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरू येथे घरोघरी विचारणा केली, तेव्हा चोरीला बळी पडलेल्या बहुसंख्य लोकांच्या तक्रारी प्राथमिकीपर्यंत पोहोचतच नाहीत असे दिसले. प्रजा फाउंडेशनसारखी संस्था माहितीच्या अधिकारातून आकडे मिळवून दरवर्षी मुंबईच्या कायदा-सुव्यवस्थेवर अहवाल काढते. जे काम काही स्वयंसेवी संस्था आपल्या बळावर करतात, ते राज्याने स्वतः, नियमितपणे आणि एकाच पद्धतीने करण्यास अडचण कोणती?

दुसरा उपाय याहून सोपा आहे. महापालिकेकडे प्रत्येक मृत्यूची नोंद असते. घाटकोपरचा एन विभाग, मुलुंडचा टी विभाग, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य या कार्यालयांत १९६९ च्या कायद्यानुसार जन्म-मृत्यूची नोंद होते. शवविच्छेदन केंद्रांत मृत्यूचे कारण लिहिले जाते. ही वही पोलिसांच्या वहीपासून स्वतंत्र आहे आणि लिहिणाऱ्याला आकडा कमी दाखवण्यात काहीच लाभ नाही. दोन्ही वह्या वर्षाअखेर शेजारी ठेवाव्यात. जुळल्या तर विश्वास वाढेल. न जुळल्या तर कुठे पाहायचे ते कळेल. घरातला जमाखर्च तपासणारी गृहिणीसुद्धा वाण्याचे बिल आणि स्वतःची वही ताडून पाहते. महानगराच्या सुरक्षिततेचा हिशेब तेवढ्या काळजीनेही तपासला जाऊ नये काय?

शासनाने करावयाचे ते शासनाने करावेच : ठाणेनिहाय आकडे मराठीतून दरवर्षी प्रसिद्ध करावेत, हद्द किंवा कलम बदलले असल्यास तसे स्पष्ट लिहावे, दर काढताना त्याच हद्दीची लोकसंख्या घ्यावी, आणि प्रामाणिकपणे गुन्हे नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला आकडा वाढल्याबद्दल शिक्षा होऊ नये. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अशी माहिती मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करण्यास सांगते. पण समाजाचे कर्तव्य तेथे संपत नाही. तक्रार न करण्यात मध्यमवर्गाचा वाटा मोठा आहे. ‘कोर्टकचेरीची कटकट नको’, ‘मुलीचे नाव नको’, ‘गेले ते सोने काही परत येत नाही’ ही वाक्ये सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकू येतात. तक्रार ही केवळ स्वतःचा ऐवज परत मिळवण्यासाठी नसते; त्याच कोपऱ्यावर उद्या येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या आईसाठी ती असते. ज्या रस्त्यावर दहा वेळा साखळी खेचली गेली आणि दोनच तक्रारी झाल्या, त्या रस्त्यावर गस्त वाढणार कशाच्या आधारावर?

येथे वस्तीवस्तीतील कार्यकर्त्याला मोठे काम आहे. गृहनिर्माण संस्थेतील ज्येष्ठांना, चाळीतील माउलीला, वसतिगृहातील मुलीला सोबत घेऊन ठाण्यात जाणे. ठाणे अंमलदाराशी न भांडता पण ठामपणे प्राथमिकीचा आग्रह धरणे. हद्दीचा प्रश्न आला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो हे सांगणे. नोंद झालेल्या प्राथमिकीची प्रत मोफत मिळते याची आठवण देणे. यात घोषणा नाहीत, प्रसिद्धीही नाही; पण संघटित समाज म्हणतात तो हाच. अशा प्रयत्नांनी एखाद्या वर्षी मुलुंडचा, घाटकोपरचा किंवा बोरिवलीचा आकडा वाढेल. विरोधक टीका करतील, वर्तमानपत्रे प्रश्नचिन्ह लावतील. त्या वेळी तो आकडा कोणाचा पराभव म्हणून न वाचता एका समाजाने सत्य सांगण्याचे धैर्य दाखवले असे वाचता आले पाहिजे. वैद्याने ताप मोजला म्हणून ताप येत नाही. मोजला नाही म्हणून उतरतही नाही. रोग्याचे हित इच्छिणाऱ्याने आधी तापमापक नीट आहे ना, हे पाहावे.